बर्फाचा भरवसा



वैशाखातल्या संध्याकाळी, दिवसभर तापलेल्या गंगापूर रोडवर बर्फाविषयी व्याख्यान ठेवणारे चालक धाडसी म्हटले पाहिजेत, आणि ते ऐकायला जमलेले आपण त्यांच्याहूनही धाडसी. "आमचा आणि बर्फाचा संबंध रसवंतीपुरता, त्यापलीकडे बर्फाचे आम्हांला काय?" असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर मी शेवटाकडे देणार आहे. तोपर्यंत माझ्याबरोबर थोडे उत्तरेकडे चला.

आजचा विषय आहे सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशातले बर्फ, आणि त्या बर्फावर चालणारा स्कीइंगचा खेळ. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचे, हा तो खेळ. पाहायला मोठा देखणा. परंतु आज मला खेळाच्या देखणेपणाविषयी बोलायचे नाही. ज्या गावात बर्फ पडेल की नाही याची खात्री नाही, अशा गावाने आपले पोट बर्फावर भरायचे ठरवले तर काय होते, हे पाहायचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आपल्या मराठीत रसवंतीतली लादीही बर्फ आणि आकाशातून पिसासारखे तरंगत येते तेही बर्फच. थंडीचा अनुभव बेताचा, म्हणून शब्दही बेताचे. काश्मिरी माणूस आकाशातून पडणाऱ्या हिमाला 'शीन' म्हणतो. वर्षाचे पहिले हिम पडले की त्याची पुडी बांधून ती नकळत स्नेह्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती घेतली की त्याच्याकडून मेजवानी वसूल करायची, अशी तिकडे गमतीची चाल आहे. आपण पहिल्या पावसाला भजी तळतो, त्यातलाच हा प्रकार. ज्याची वाट पाहावी लागते, त्याचाच असा सण होतो.

महाराष्ट्रात हिम पडत नाही. तरीही दर एकदोन वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी येते की महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला हिमकण दिसले. हौशी मंडळी पहाटे उठून ते पाहायला जातात. ते हिमकण आकाशातून पडलेले नसतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते. गवताचे पाते भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, आणि त्याच्यावरचे दव गोठते. हवामान खात्याचा तापमापक त्या वेळी चार-पाच अंश दाखवीत असला, तरी गवताच्या पात्यापाशी पारा शून्यावर आलेला असतो. सूर्य वर आला की सगळा खेळ संपतो. आपल्या राज्याचे बर्फ ते एवढेच, आणि तेही उजाडेपर्यंतचे. पण या दवाने एक गोष्ट शिकवली आहे, ती आपण गाठीशी बांधून ठेवू: निसर्गात शून्य अंश ही एक चौकट आहे. चौकटीच्या अलीकडे पाणी, पलीकडे बर्फ. मधला प्रकार नाही.

आता सौम्य हिवाळा म्हणजे काय? जिथे हिवाळ्यातला पारा या चौकटीच्या आसपासच घुटमळतो, तो सौम्य हिवाळ्याचा प्रदेश. सैबेरियात पारा उणे तीस असतो; तिथे दोन अंशांनी ऊब वाढली तर उणे अठ्ठावीस होईल, बर्फाला त्याची दखलही नाही. पण जिथे उणे एक आहे तिथे दोन अंश वाढले की पारा अधिक एकवर जातो, आणि त्याच ढगातून हिमाऐवजी पाऊस पडतो. पाऊस पडला म्हणजे नुसते नवे हिम आले नाही असे होत नाही. आधीचे साठलेलेही वितळून वाहून जाते. म्हणजे दोन अंशांची किंमत सगळीकडे सारखी नसते. काठावर राहणाऱ्याला ती सर्वांत जास्त मोजावी लागते.

डोंगरावर जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होते. सरासरीने हजार मीटरला साडेसहा अंश. या हिशेबाने हवा एका अंशाने तापली तर हिमरेषा सुमारे दीडशे मीटर वर सरकते. ज्या गावाचा उतार डोंगराच्या माथ्यापर्यंत गेला आहे त्याला वर सरकायला जागा आहे. ज्याचा उतार खालीच संपतो, त्याने काय करावे?

आपल्या देशातले या खेळाचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे काश्मीरमधले गुलमर्ग. उंची सुमारे २,६५० मीटर. १९२७ साली इंग्रजांनी तिथे स्कीचा क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर, १९४८च्या डिसेंबरात, आपल्या लष्कराने तिथे जवानांना स्की शिकवण्यासाठी शाळा उघडली. युद्धाने दाखवून दिले होते की हिमालयाची राखण करायची तर बर्फावरून चालता आले पाहिजे. १९९८ साली तिथे गोंडोला म्हणजे पाळण्याचा रज्जुमार्ग सुरू झाला आणि २००५ साली तो अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटर उंचीपर्यंत पोहोचला. याच परिसरातल्या आरिफ खान या तरुणाने २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून झेंडा धरला आणि जायंट स्लालमच्या शर्यतीत पंचेचाळिसावा क्रमांक मिळवला. पंचेचाळिसावा म्हणून हसू नये. ज्या देशांचे खेळाडू त्याच्या पुढे होते, त्यांतल्या अनेकांना वर्षातले कित्येक महिने सरावाला बर्फ मिळते.

या खेळाच्या मागे एक मोठा संसार उभा असतो. पट्ट्या आणि बूट भाड्याने देणारा, शिकवणारा, लाकडी घसरगाडीवर प्रवाशाला बसवून ओढत नेणारा, घोडेवाला, शेगडी पेटवून कहवा विकणारा, हॉटेलातला वाढपी. आपल्याकडची कितीतरी मराठी कुटुंबे हिवाळ्यात गुलमर्गला जातात. आयुष्यात पहिल्यांदा हिमाचा गोळा करून एकमेकांवर फेकतात. त्या एका गोळ्यावर किती घरांच्या चुली पेटतात, हे फेकणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

या सगळ्या संसाराची तारीख काश्मिरी पंचांगाने ठरवून दिली आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्ले कलान', म्हणजे थोरला चिल्ला. त्यानंतर वीस दिवस 'चिल्ले खुर्द', आणि शेवटी दहा दिवस 'चिल्ले बच्चा'. आपली नक्षत्रे जशी पावसाची, तशी ही थंडीची. थोरल्या चिल्ल्यातले हिम कोरडे, घट्ट बसणारे, उन्हाळ्यापर्यंत टिकणारे. बच्चा चिल्ल्यातले हिम पडले तरी ऊन तापू लागलेले असते. ते लवकर जाते. म्हणून किती हिम पडले याइतकेच ते केव्हा पडले यालाही महत्त्व असते. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. ज्येष्ठातला पाऊस आणि आश्विनातला पाऊस मापात सारखा असला तरी पिकाला सारखा नसतो.

हे हिम आणते कोण? आपला मोसमी पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. हिमालयातले हिवाळी हिम पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हवेचे भोवरे इराण, अफगाणिस्तान ओलांडीत आपल्या वायव्य सीमेवर येऊन थडकतात. हवामानशास्त्रात त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. हिवाळ्याच्या एका महिन्यात असे चार-सहा विक्षोभ यावेत अशी अपेक्षा असते. ते आले, जोरदार आले आणि पुरेशा थंडीत आले, तर हिम. तीनांपैकी एक जरी चुकले, तर डोंगर कोरडा.

२०२४च्या जानेवारीत हेच चुकले. थोरला चिल्ला सरत आला तरी गुलमर्गचे उतार तपकिरी आणि गवताळ दिसत होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती छायाचित्रे आली. लोकांनी आरक्षणे रद्द केली. महिन्याच्या अखेरीस हिम आले, फेब्रुवारीत तर भरपूर आले, आणि राष्ट्रीय हिवाळी खेळ पार पडले. पण त्याच फेब्रुवारीत वरच्या उतारावर हिमस्खलन होऊन एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. एकाच हिवाळ्यात आधी काहीच नाही, आणि मग जिवावर बेतण्याइतके. पुढच्या वर्षी, २०२५ साली, खेळांच्या तारखा २२ फेब्रुवारीपासूनच्या ठरल्या होत्या. हिम पुरेसे नाही म्हणून ते पुढे ढकलावे लागले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाले. उत्तराखंडातल्या औलीला तर बर्फाअभावी स्पर्धा रद्द करण्याची वेळ एकाहून अधिक वेळा आलेली आहे.

या दोन वर्षांची बेरीज करून कोणी म्हणेल, "सरासरी काही वाईट नाही." सरासरीचा हा आकडा खोटा नसतो, पण त्याने कोणाचे पोट भरत नाही. घसरगाडी ओढणाऱ्याला जानेवारीचे भाडे जानेवारीतच लागते. फेब्रुवारीत पडलेले दुप्पट हिम जानेवारीतल्या उपाशी दिवसांना उलटे लावता येत नाही. आणि जानेवारीत आरक्षण रद्द केलेले कुटुंब फेब्रुवारीत मुलांची शाळा बुडवून परत निघत नाही.

हे दुखणे एकट्या काश्मीरचे आहे असे मात्र समजू नका. १९६४ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला हिवाळी ऑलिंपिक भरले. याच खेळांत भारताचा प्रतिनिधी हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरला. आल्प्स पर्वताच्या कुशीतले हे गाव. तिथे बर्फाला काय तोटा? पण त्या वर्षी हिमच पडले नाही. शेवटी ऑस्ट्रियाच्या सैन्याने वरच्या डोंगरातून ४०,००० घनमीटर हिम शर्यतीच्या उतारावर आणून पसरले आणि घसरगाड्यांच्या मार्गासाठी बर्फाच्या २०,००० लाद्या वाहून आणल्या. म्हणजे काठावरची थंडी साठ वर्षांपूर्वीही दगा देत होती. आज फरक एवढाच की हवा तापत चालली आहे आणि काठ सरकत चालला आहे.

युरोपातल्या लोकांनी या काठाचे माप काढून ठेवले आहे. त्यांचा एक नियम आहे: डिसेंबरच्या आरंभापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत निदान शंभर दिवस, निदान ३० सेंटीमीटर हिम, आणि तेही दहा हिवाळ्यांपैकी निदान सात हिवाळ्यांत. एवढे असेल तर त्या गावाने स्कीच्या धंद्यात पैसा घालावा. या नियमाने २००७ साली आल्प्समधल्या ६६६ ठिकाणांची मोजणी प्रसिद्ध झाली. ६०९ ठिकाणे भरवशाची ठरली. हवा एका अंशाने तापली तर ५०० उरतील, दोन अंशांनी ४०४, आणि चार अंशांनी २०२. आकडे कोरडे वाटतील. पण प्रत्येक आकड्याच्या आत एक गाव आहे. आणि नियमातली खरी शहाणपणाची गोष्ट पाहा: तो सरासरी विचारीत नाही. तो विचारतो, दहांपैकी किती वर्षे?

याहूनही काठावरचा देश म्हणजे स्कॉटलंड. तिन्ही बाजूंनी समुद्र, हिवाळा ओला आणि सौम्य, वारा मात्र भयंकर. तिथे १९६१ साली केर्नगॉर्म डोंगरावर खुर्च्यांचा रज्जुमार्ग सुरू झाला आणि आजही पाच ठिकाणी स्की चालते. या लोकांनी एक साधी युक्ती काढली. पडलेले हिम वाऱ्याने उडून जाते, म्हणून उताराच्या कडेने लाकडी पट्ट्यांची कुंपणे उभारली. वारा कुंपणाशी मंदावतो आणि उडते हिम तिथे साचते. कुंपण हिम तयार करीत नाही. आलेले हिम जाऊ देत नाही. आपल्याकडे 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतात ना, तसे हे 'हिम अडवा'. तिथला स्कीपटूही महिनाभर आधी आरक्षण करीत बसत नाही; सकाळी डोंगराची खबर घेतो, हिम असेल तर निघतो, नसेल तर दुसरे काम करतो. ज्याला काठावर राहायचे आहे त्याने असे हलके राहायला शिकले पाहिजे.

पण पैसा गुंतला की हलके राहणे जमत नाही. मग माणूस यंत्राकडे वळतो. १९५०च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात काही कारागीर मंडळींनी दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र फवारून हिम करण्याचे यंत्र बनवले. १९८० साली लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये असे कृत्रिम हिम प्रथम वापरले गेले, आणि २०२२ साली बीजिंगला जवळजवळ सर्वच हिम यंत्राचे होते. हे ऐकून वाटते, मग अडचण काय राहिली? यंत्र आणा, बटण दाबा.

इथे एक गोम आहे, आणि ती आपल्या माठाकडे पाहिले की कळते. माठातले पाणी गार का होते? बाहेर झिरपलेले पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठ छान गार होतो. जुलैच्या दमट हवेत तोच माठ कोमट राहतो. हिमाचे यंत्रही याच तत्त्वावर चालते. फवारलेला थेंब जमिनीवर पडण्याआधी गोठला पाहिजे. त्यासाठी ओल्या फडक्याचा तापमापक उणे दोन-तीन अंशांच्या खाली असावा लागतो. म्हणजे हवा कोरडी हवी आणि थंडीही हवी. ज्या हिवाळ्यात थंडीच पडली नाही, त्या हिवाळ्यात यंत्रही हात टेकते. यंत्र थंडी देत नाही; पाऊस नसला तरी असलेल्या थंडीचा उपयोग करून देते, इतकेच. औलीला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या वेळी अशी यंत्रे बसवली गेली. तरीही पुढे स्पर्धा रद्द व्हायच्या त्या झाल्याच.

शिवाय पाणी. एक हेक्टर उतारावर ३० सेंटीमीटर यंत्राचे हिम घालायचे तर दहा लाख लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागते. ते डोंगरावर, हिवाळ्यात, जेव्हा ओढे गोठलेले असतात तेव्हा. त्यासाठी तळे खोदायचे, पंप बसवायचे, वीज आणायची. हे ज्याला परवडते तो टिकतो. ज्याला परवडत नाही तो आधी जातो. औलीच्या पायथ्याशी असलेल्या जोशीमठाची जमीन २०२३च्या जानेवारीत खचू लागली, घरांना भेगा पडल्या आणि औलीला जाणारा रज्जुमार्ग थांबवावा लागला, ही गोष्टही आपण विसरलेलो नाही. ती हिमाच्या यंत्रामुळे झाली असे मी म्हणत नाही. पण ज्या डोंगराचा पाया नाजूक आहे, त्याच्यावर आणखी किती ओझे घालायचे, हा प्रश्न यंत्राच्या किमतीत धरायला हवा.

आता मी आरंभीच्या प्रश्नाकडे येतो. नाशिकचे आणि बर्फाचे काय?

जो पश्चिमी विक्षोभ गुलमर्गला हिम देतो, तो पुढे सरकल्यावर त्याच्या मागून उत्तरेचे थंड वारे सुटतात. ते माळवा ओलांडून खाली उतरतात आणि आपल्या जिल्ह्यात येतात. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा छापून येतो. थंड हवा जड असते. पाण्यासारखी ती रात्री सखल भागात साचते. म्हणून नाशिक शहरात दहा अंश असताना निफाडच्या शिवारात पाच-सहा असतात, आणि एखाद्या कडक वर्षी पारा दोन-तीनापर्यंत उतरतो, दव गोठते. गव्हाला, हरभऱ्याला ही थंडी मानवते. द्राक्षाला मानवत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी बहाराची छाटणी झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत मणी फुगवणीत असतात. पारा खाली गेला की वेलीचे काम मंदावते, फुगवण थांबते, तयार मण्यांना तडे जातात, हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. मग शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो, रात्री ठिबकने पाणी सोडतो, घडांना कागद गुंडाळतो.

उलट, तोच विक्षोभ दक्षिणेकडच्या दमट वाऱ्याला भेटला तर थंडीऐवजी अवकाळी पाऊस आणि गारा. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्यात गारांनी बागा झोडपल्या, हे इथल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि दोन महिन्यांनी, जानेवारीत, गुलमर्गला हिम नव्हते. म्हणजे त्या एका हिवाळ्यात आकाशातून गोठलेले पाणी जिथे हवे तिथे पडले नाही आणि जिथे नको तिथे पडले. एका घटनेने दुसरी घडवली असे मी सुचवीत नाही. एकाच वाऱ्याच्या वाटेवर बसलेले हे दोन शेजारी आहेत, एवढेच मला दाखवायचे आहे.

आपल्या या रस्त्याच्या टोकाला, गंगापूर धरणाच्या बाजूला, गेल्या पंचवीसएक वर्षांत वाइनच्या द्राक्षांच्या बागा वाढल्या. हिवाळ्यात मुंबई-पुण्याची मंडळी तिकडे येतात. धरणाचे पाणी, गार हवा, तोडणीचा हंगाम. त्यांच्यावर इथे रिक्षावाला, खानावळवाला, बागेतला मजूर जगतो. गुलमर्गचा तो संसार आणि हा संसार यांत कितीसा फरक आहे? तिथे पारा शून्याच्या वर गेला की घात, इथे आठ-दहाच्या खाली गेला की घात. चौकटी वेगळ्या, काठ एकच. थंडीच्या काठावर बसून आपण एक नाजूक धंदा उभा केला आहे. थंडीला मात्र आपल्याशी करार केल्याचे ठाऊक नाही.

मग काय करावे? धंदा सोडून द्यावा? तसे म्हणणारा मी नाही. द्राक्षांनी या जिल्ह्याला सुबत्ता दिली आणि हिमाने त्या डोंगराला मीठभाकर दिली. पण तीन गोष्टी आपण करू शकतो.

पहिली: सरासरी विचारायचे सोडून, दहांपैकी किती वर्षे, हे विचारायचे. बँकेने कर्ज देताना, सरकारने योजना आखताना आणि आपण स्वतः बाग लावताना. दहांपैकी तीन वर्षे वाईट जाणार हे गृहीत धरून जो हप्ता ठरेल तोच खरा हप्ता.

दुसरी: सगळी अंडी एका टोपलीत न ठेवणे. आपल्या बागलाणात अर्ली छाटणी करतात, निफाड-दिंडोरीत नंतर. एकाच्या वाट्याला पाऊस येतो, दुसऱ्याच्या वाट्याला थंडी; जिल्हा म्हणून आपण दोन्हीकडे पाय ठेवून उभे असतो. एका घरातही हे करता येते. दोन प्लॉटची छाटणी पुढेमागे ठेवणारा शेतकरी आणि हिम नसले तर जंगलातल्या वाटा दाखवणारा गुलमर्गचा वाटाड्या, दोघांचे शहाणपण एकच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती मी तुम्हां शहरवासीयांना उद्देशून सांगतो. अनिश्चितता ही निसर्गाची. पण तिचा बोजा कोणाच्या पाठीवर टाकायचा हे माणसे ठरवतात. हिम पडले नाही की प्रवासी आरक्षण रद्द करून पैसे परत मागतो. हॉटेलवाला हंगामी वाढप्याला घरी पाठवतो. घसरगाडीवाल्याला तर कोणी पाठवण्याचीही गरज नसते. थंडी पडली की निर्यातदार माल नाकारतो, व्यापारी भाव पाडतो, आणि नुकसान घसरत घसरत सर्वांत खालच्या माणसाशी येऊन थांबते. थंड हवा जशी सखलात साचते तसे. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. पण तो मंडळातल्या एका यंत्राचा आकडा पाहून ठरतो, आणि थंडी तर शिवाराशिवारात बदलते. यंत्र टेकाडावर आणि बाग खोलगटात असली, तर बागेत दव गोठते आणि कागदावर काहीच घडलेले नसते. म्हणून मापनाची यंत्रे वाढली पाहिजेत आणि ती खोलगटातही बसली पाहिजेत, अशी मागणी शेतकऱ्याबरोबर शहरानेही करायला हवी. द्राक्षे आपणही खातो.

आणि आपल्यापैकी जे पुढच्या हिवाळ्यात उत्तरेला जाणार असतील त्यांना एक विनंती. तिथे जाऊन हिम दिसले नाही, तर "पैसे वाया गेले" असे म्हणून तोंड फिरवू नका. देवदारांच्या राईतून चाला, घोडेवाल्याला दिवसाची मजुरी द्या, कहवा प्या आणि त्याला विचारा की यंदा थोरल्या चिल्ल्याने काय केले. तो सांगेल ते तुम्हांला नवे वाटणार नाही. निफाडच्या कुठल्याही बांधावर बसून हीच गोष्ट तुम्ही मराठीत ऐकलेली असेल.